मॅडमना काय द्यायचं

मॅडम माणसांना अरे-तुरे करायच्या आणि जनावरांना अहो-जाहो. मारेगाव तालुक्यातल्या ज्या गावात आमचा जनावरांचा दवाखाना होता, तिथं याचं कुणाला नवल राहिलं नव्हतं. नवल वाटायचं ते माझ्यासारख्या बाहेरून आलेल्यांना. मी नागपूरहून पशुवैद्यकाची पदवी घेऊन नवीकोरी रुजू झाले, त्या सकाळी दवाखान्याच्या खोड्यात, म्हणजे जनावरानं हलू नये म्हणून लोखंडी पाइपांचा जो पिंजरा असतो त्यात, एक तांबडा बैल उभा होता. आणि एक ठेंगणी, भरल्या अंगाची बाई त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणत होती, "मालक, पाय उचलता का जराक? नाई नाई, थो नाई, मांगचा. हां. लय उपकार झाले."

मग माझ्याकडे वळून, "तू कोन वं? उभी काहून हायेस? बादली आन."

मी बादली आणली. ओळख, चहा, स्वागत, जे काय म्हणायचं ते सगळं त्या बादलीतच झालं.

पुढं कधीतरी मी धीर करून विचारलं, मॅडम, बैलाला अहो आणि सरपंचाला अरे, हे कसं? त्या म्हणाल्या, "माणसाले अहो म्हटलं का थो खुर्ची मांगते. बैल मांगते का?"

त्यांच्या अंबाड्यात पेन्सिल आणि थर्मामीटर कायम खोचलेले असायचे. जनावराचा ताप कुठून मोजतात हे ज्यांना ठाऊक आहे, ते मॅडमच्या अंबाड्याकडे जरा जपूनच बघत. आमच्या दवाखान्याचे परिचर रहीमभाई तर फार जपून. रहीमभाईंच्या घरातले बाकी सगळे मेकॅनिक. हे एकटेच इंजिन सोडून बैलाकडे वळलेले. एकदा ते अंगात ताप घेऊन कामावर आले. मॅडमनी त्यांचं तोंड पाहिलं, "तुले ताप हाये का रे?" म्हणाल्या आणि त्यांचा हात अंबाड्याकडे गेला. रहीमभाई औषधांच्या खोलीत शिरले आणि आतून कडी लावून ओरडले, "उतर गया मॅडम! एकदम उतर गया!" आणि खरंच उतरला असावा, कारण दुपारपर्यंत ते घाम पुसत कामाला लागले होते.

मॅडमचं म्हणणं असं, की जनावर सुईला घाबरत नाही, शांततेला घाबरतं. सगळे गप्प झाले की त्याला कळतं, आता आपलं काही खरं नाही. म्हणून तपासताना सतत बोलत राहायचं. आता रोज येणाऱ्या इतक्या बैलांशी, गाईंशी, शेळ्यांशी बोलायचं तरी काय? मॅडम त्यांना घरच्या गोष्टी सांगत. अमरावतीला त्यांचा धाकटा भाऊ होता, त्याची बायको म्हणजे मॅडमची भावजय. ती या गोष्टींची नायिका. तिनं नवं कपाट कसं घेतलं, ते दारातून आत कसं जाईना, मग दार कसं काढलं, आणि दार काढल्यावर कळलं की कपाट उघडतच नाही. हे सगळं मॅडम बैलाच्या खुरातला काटा काढता काढता सांगत, आणि बैलाचा मालक दोर धरून ऐकत असे. त्यामुळं अमरावतीच्या त्या बाईला स्वप्नातही कल्पना नसेल, पण अर्धा तालुका तिच्या संसारावर नजर ठेवून होता.

एकदा एक शेतकरी बैल घेऊन आला आणि बैलाचं काही सांगायच्या आधीच म्हणाला, "मंग, कपाट उघडलं का बाई?"

मॅडम भडकल्या. "थे मी याईले सांगतलं होतं," बैलाकडे बोट दाखवत म्हणाल्या, "तुले नाई."

शेतकऱ्यानं मान खाली घातली. मग मॅडम बैलाकडे वळल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "उघडलं बरं का मालक. सुतार बोलवा लागला." शेतकऱ्याच्या तोंडावर जे समाधान पसरलं ते मी अजून विसरले नाही.

माझं मात्र सुरुवातीला काही खरं नव्हतं. कॉलेजात चांगले मार्क होते, पण इथं प्रत्येक जनावर पुस्तकापेक्षा मोठं निघायचं. एका गोऱ्ह्यानं मला भर उकिरड्यात बसवलं, आणि बघायला सगळं गाव. एका शेळीनं माझी ओढणी खाल्ली. मी वणीला आईला फोन करून सांगितलं, बँकेच्या परीक्षांचा क्लास बघून ठेव, मी येते. आईनं बघूनही ठेवला.

त्याच आठवड्यात तांड्यावरून निरोप आला, म्हैस अडली. तिची मालकीण एक वाळकी, चांदीच्या वाळ्या घातलेली म्हातारी होती; सगळा तांडा तिला याडी म्हणायचा, म्हणजे आई. आम्ही स्कूटरवर पोचलो तेव्हा म्हैस कोठ्यात उभी राहून थरथरत होती आणि याडी तिच्या शिंगाला धरून रडत होती. मॅडमनी बाहेरूनच नजर टाकली आणि मला म्हणाल्या, "हात धू. खांद्यापर्यंत."

"मी?"

"माहा खांदा दुखून राह्यला."

खांदा अजिबात दुखत नव्हता. त्या आधी तासभर त्याच खांद्यानं त्यांनी स्कूटर चिखलातून ओढली होती. पण त्या सरळ म्हशीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि मी दुसऱ्या टोकाला. साबण लावून हात आत घातला. पाय लागले, पण डोकं लागेना. पिल्लानं मान मागं वळवून घेतली होती. प्रत्येक कळेला म्हैस माझा हात असा आवळायची की बोटं माझी आहेत का तिची, कळेना. मी ओरडले, "मॅडम, जमत नाही मला!"

मॅडम तिकडून बोलल्या, पण माझ्याशी नाही. त्या म्हशीशी बोलत होत्या.

"बाई, घाबरू नका. मांग जे पोट्टी उभी हाये ना, वणीची हाये. दिसाले काडीपैलवान हाये, पन हात असा हाये का अंधारात सुई सापडन. मी माह्या साऱ्या नोकरीत असा हात पाह्यला नाई. तुमचं नशीब समजा. मी असतो तर तुमाले तरास झाला असता, माहा हात जाडा हाये. तिले फक्त सांगू नका, नाईतर डोक्यावर बसन."

मी म्हशीच्या शेपटीला गाल लावून हे ऐकत होते. हसू आलं आणि रडूही, आणि त्या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी माझी बोटं पिल्लाच्या जबड्यामागं अडकली. मी हळूहळू मान सरळ केली. मग याडी, मी आणि तांड्यावरचे दोघं-तिघं असे सगळे मिळून ओढलं आणि एक काळीभोर वगार माझ्या मांडीवर येऊन पडली. मी खाली, ती वर. तिनं पहिली शिंक माझ्या तोंडावर दिली.

"साबण तथीच विसरली तू," परतताना मॅडम एवढंच म्हणाल्या. मी आईला फोन करून सांगितलं, क्लास राहू दे.

मग बऱ्याच दिवसांनी माझी ऑर्डर आली. मला स्वतःचा दवाखाना मिळाला, केळापूर तालुक्यात, पांढरकवड्याच्या बाजूला. एकटीनं चालवायचा. आनंदानं मी औषधांच्या खोलीत उड्या मारल्या, आणि उड्या थांबल्यावर पहिला विचार आला तो हा, की मॅडमना काय द्यायचं?

हा साधा प्रश्न नव्हता. मॅडमना भेट देणं म्हणजे काय, याची एक कथा त्या भागात प्रसिद्ध होती. माझ्या आधी त्यांच्या हाताखाली शिकलेला एक डॉक्टर जाताना त्यांना भारीतली रेशमी साडी देऊन गेला होता. जांभळी, जरीच्या काठाची. मॅडमनी ती न उघडता स्कूटरच्या डिकीत टाकली. पुढं थंडीत कुठल्याशा गावी एक म्हैस व्याल्यावर गारठून थरथरायला लागली, आणि कोठ्यात पोतं सापडेना. मॅडमनी डिकी उघडली. साडी काढली, म्हशीला गुंडाळली, पदर शिंगावरून घेतला. गावातल्या बायका बघायला जमल्या, एकीनं तर म्हशीला हळदकुंकूही लावलं. म्हैस वाचली. मॅडमनी तिचा फोटो काढून त्या डॉक्टरला पाठवला आणि खाली लिहिलं, "तुही साडी छान दिसते." त्यानं नंतर पुन्हा काही दिलं नाही.

त्या कथेनंतर मॅडमचा नियमच झाला होता. तर्री-पोह्याच्या दोन प्लेटी जेवढ्यात येतात, त्याहून महाग वस्तू त्या घेत नसत. मला ऑर्डर मिळाल्याचं कळल्या कळल्या त्यांनी बजावलं, "काही आनशील तर याद राख. महाग आनलं तर कोन्या गाईच्या अंगावर जाईन, सांगता येत नाई."

रहीमभाईंना विचारलं. ते म्हणाले, "घड्याळ दे. भिंतीवरचं." पण मॅडम घड्याळ बघतच नसत, गाई रवंथ करायला बसल्या की त्या डबा उघडत. आईला विचारलं. ती म्हणाली, ओटी भर आणि वरून ब्लाऊजपीस ठेव. मी म्हटलं, आई, तो ब्लाऊजपीस उद्या एखाद्या शेळीच्या पायाला बांधलेला दिसेल. बाबांना विचारलं. बाबा वणीच्या कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर, कमी बोलणारे. ते म्हणाले, "तिले काय पाह्यजे थे पाह्य, मंग दे." हे ऐकायला सोपं होतं. पण मॅडमना काय पाहिजे हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण त्यांनी आजवर बादली सोडून काही मागितलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

तरी मी वणीच्या बाजारातून एक छत्री घेतली. स्वस्त, पिवळीधम्मक, बटण दाबलं की फाडकन उघडणारी. मॅडम उन्हापावसात डोक्यावर औषधाचं खोकं धरून फिरायच्या, तेव्हा छत्री उपयोगाची वाटली. त्यांना देण्याआधी रहीमभाईंचं मत घ्यावं म्हणून दवाखान्याच्या अंगणात त्यांच्या हातात दिली. त्यांनी विचारलं, "ही उघडते कशी?" आणि बटण दाबलं.

समोर एक पांढराशुभ्र बैल खोड्यात जायची वाट बघत उभा होता. छत्री उघडली आणि बैल निघाला. फाटकातून बाहेर, दोरासकट, आणि दोर धरलेल्या मालकासकट. मालकानं पुढं दोर सोडला, पण तोवर त्याची एक चप्पल आणि टोपी मागं राहिली होती. बैल बाजाराच्या ओळीतून गेला, टमाट्यांच्या ढिगाला वळसा घालून, आणि पुढं वांग्यांच्या ढिगाला वळसा न घालता. शेवटी ग्रामपंचायतीच्या उघड्या दारातून आत शिरला. आत सभा चालू होती. सभासद खिडक्यांतून बाहेर आले. बैल मात्र पंख्याखाली जाऊन उभा राहिला. हवा लागली तसा शांत झाला.

सगळं गाव दाराशी गोळा झालं, पण आत जायला कुणी तयार होईना. मॅडम हात पुसत आल्या, गर्दीतून आत गेल्या आणि म्हणाल्या, "मालक, चला. सभा संपली."

बैल त्यांच्या मागं मागं बाहेर आला. मॅडमनी अंगणात पडलेली छत्री बघितली आणि विचारलं, "हे कोनं आनलं?"

रहीमभाई माझ्याकडे न बघता म्हणाले, "गिऱ्हाईक विसरलं." ती छत्री त्यांनी घरी नेऊन कोंबड्यांच्या खुराड्यावर बांधली. कोंबड्या खूश.

मग मला कपाची कल्पना सुचली. कपावर फोटो छापून मिळतो, तसला. माझ्या फोनमध्ये मॅडमचा एक सुरेख फोटो होता. त्या एका खिल्लारी बैलाच्या मानेवर हात टाकून उभ्या आहेत आणि दोघंही कॅमेऱ्याकडे बघत आहेत. वणीच्या एका फोटोवाल्याला तो पाठवला आणि कप करायला सांगितला. आणायला गेले तेव्हा त्यानं मोठ्या अभिमानानं खोकं उघडलं. कपावर बैल होता. फक्त बैल.

"बाई कुठं गेल्या?" मी विचारलं.

"थे कोनी बाई मंधात आलती ना," फोटोवाला म्हणाला, "मी काढून टाकली. आता पाहा, बैल कसा उठून दिसते!"

खरंच उठून दिसत होता. पण निरोपाच्या वेळी मॅडमना बैलाचा कप देऊन, यात तुम्ही पण होता, असं सांगायची माझी छाती झाली नाही. तो कप बाबांनी ठेवून घेतला. ते त्यातून चहा पितात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "पोरीच्या मॅडमचा बैल हाये."

दिवस संपत आले. माझ्याजागी येणारी नवी मुलगी रुजू होऊन गेली, माझं सामान बांधून झालं, आणि हात रिकामेच. मला खरंच वाईट वाटायला लागलं होतं. ज्या बाईमुळं मी डॉक्टर राहिले, तिला नुसता नमस्कार करून निघायचं? आणि नमस्कारालाही त्या नक्की म्हणतील, पाय सोड, शेण लागलं हाये.

अशात एका गावाहून लसीकरण करून आम्ही परत येत होतो. श्रावणातली दुपार, ऊन सौम्य, कपाशीची पऱ्हाटी गुडघ्याएवढी. वाटेत नाल्याकाठी एका मोठ्या झाडाला मुलींनी दोर बांधून झोका केला होता. ओळ लावून, आरडाओरडा करत, एकेक जण झोके घेत होती. मॅडमनी स्कूटर थांबवली.

"चाल," त्या मला म्हणाल्या, "नंबर लावू."

मला वाटलं गंमत करतात. पण त्या खरंच रांगेत जाऊन उभ्या राहिल्या, पदर खोचून. पुढच्या मुलीचा झोका उंच गेला की त्या टाळ्या वाजवत. त्यांचा नंबर आला. सगळ्या मुली दोराभोवती जमल्या. त्यांनी दोराकडे बघितलं, मग मॅडमकडे, मग पुन्हा दोराकडे. त्यातली सगळ्यात लहान, नाक पुसत, अगदी काळजीनं म्हणाली, "आजी, तुटन."

मॅडम कुणाशीही वाद घालू शकत. तहसीलदाराशी घालत, औषधाच्या कंपनीवाल्याशी घालत, आठवडी बाजारात काकडीशीही घालत. पण तिथं त्यांनी वाद घातला नाही. "बरोबर हाये," म्हणाल्या आणि रांगेतून बाजूला झाल्या. स्कूटरला किक मारली. रस्त्यात भेटलेल्या एकाही बैलाची विचारपूस केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी औषधांच्या खोलीत बाटल्या लावत होते. अंगणात मॅडम एका कपिला गाईचा कान तपासत होत्या. गाईचा मालक चहाला गेला होता. खिडकीतून मला त्यांचा आवाज आला. नेहमीपेक्षा हळू.

"काल मले आजी म्हणे वो बाई. तुटन म्हणे. आता तुमीच सांगा, एवढी का मी जड हावो? लहानपनी आमच्या दारात झाड नव्हतं. ज्याच्या दारात झाड थ्याईच्या पोरी झोका घेत. आमी पाह्यत राहो. मंग शिकन्यात गेलं, मंग नोकरी. मनात आलं का वेळ नाई, वेळ हाये तर झाड नाई. अन् काल झाड होतं, वेळ होता, तर दोर कच्चा. सांगा, मी जड हावो का?"

गाईनं माशी बसली म्हणून मान हलवली.

"पाह्य," मॅडम म्हणाल्या, "बाईनं नाई म्हटलं."

मी हातातली बाटली खाली ठेवली आणि बाबांना फोन लावला.

बाबांच्या ट्रकवर कोळशावरची ताडपत्री आवळायचा एक जुना दोर होता. मनगटाएवढा जाड. ट्रक बदलला तेव्हापासून घरी पडून. मी गेले तेव्हा बाबांनी तो धुऊन, वाळवून ठेवला होता. "आधी पाहून घेऊ," ते म्हणाले आणि अंगणातल्या कडुनिंबाला बांधला. मग आईला म्हणाले, "बस."

"अहो, लोक काय म्हनतीन!" आई म्हणाली.

"लोक काहून म्हनतीन? दोर तपासून राह्यलो."

आई बसली. बाबांनी ढकललं. आईनं पहिल्या झोक्याला किंकाळी फोडली, दुसऱ्याला हसली, आणि मग उतरेचना. शेजारच्या काकू दारात आल्या तर आईच वरून त्यांना ओरडून म्हणाली, "दोर तपासून राह्यलो वो!" शेवटी दोर मला पाहिजे म्हणून तिला विनवणी करून उतरवावं लागलं. बाबा म्हणाले, "पास हाये."

बसायची पाटी रहीमभाईंच्या घरातून आली. त्यांच्या गॅरेजातल्या एका मोडक्या बाकाची, सागवानी. त्यांच्या भावानं तिला भोकं पाडून दिली आणि कडा घासल्या, म्हणजे साडी अडकू नये. माझ्या शेवटच्या दिवशी आम्ही दोघं सकाळी लवकर दवाखान्यात गेलो. भिंतीलगत एक जुनी चिंच होती, तिची एक फांदी अशी आडवी की बैल बांधला तरी वाकू नये. रहीमभाई वर चढले, दोर टाकला, गाठी मारल्या. स्वतः बसून बघितलं. मला बसवून बघितलं. मग आम्ही दोघं बाजूला उभे राहिलो. गोऱ्ह्यानं उकिरड्यात बसवलं तेव्हाही मी एवढी घाबरले नव्हते.

मॅडम आल्या. स्कूटर लावली. झोक्याकडे बघितलं. जवळ जाऊन एकेक गाठ ओढून पाहिली, जनावर आडवं पाडायच्या दोराची पाहतात तशी.

"गाठी पक्क्या हायेत. कोन जनावर पाडाचं हाये?"

"जनावर नाही मॅडम," मी म्हटलं. "तुमच्यासाठी आहे."

"मले पाडाचं हाये?"

रहीमभाईंनी तोंडावर हात ठेवला. मी भराभर बोलून टाकलं: बाबांच्या ट्रकचा जुना दोर, रहीमभाईंच्या बाकाची पाटी, काही विकत घेतलं नाही, पोह्याची एक प्लेटसुद्धा येणार नाही एवढ्यात. आणि हा तुटणार नाही. यावर कोळसा बांधला जायचा.

मॅडमनी माझ्याकडे रोखून बघितलं. "तुले कोनं सांगतलं?"

"तुम्हीच."

"थे मी गाईले सांगतलं होतं."

"हो. गाईनंच मला सांगितलं."

मॅडमनी दोर हातात धरून सोडला. फाटकाकडे बघितलं, दूर रस्त्यावर शेळ्या घेऊन कुणीतरी येताना दिसत होतं. पहिल्यांदाच मी त्यांना लाजताना बघत होते. "सरकारी झाड हाये वं," त्या पुटपुटल्या. "लोक येऊन राह्यले."

रहीमभाई गेले, फाटक बाहेरून ओढून घेतलं आणि त्याच्यापुढं हात बांधून उभे राहिले.

मॅडमनी अंबाड्यातून पेन्सिल काढली, थर्मामीटर काढला, माझ्या हातात दिले. "धर." पदर कमरेला खोचला. पाटीवर बसल्या, दोन्ही दोर घट्ट धरले आणि डोळे मिटले. फांदी कुरकुरली. फांदी थांबली, मी मागून हळूच ढकललं.

"हात हाये का कापूस?" मॅडम ओरडल्या. "जोरात!"

मी जोरात ढकललं. मग आणखी जोरात. चिंचेचा पाला आमच्यावर भुरभुरायला लागला. अंबाडा सुटला. आणि मॅडम हसायला लागल्या. त्यांचं तसलं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं, श्वास न घेता, शाळेतल्या मुलीसारखं. पाय पुढं ताणून, मान मागं टाकून, त्या एवढ्या उंच गेल्या की त्यांची एक चप्पल सुटून भिंतीपलीकडे उडाली.

ती आणायला मी फाटकातून बाहेर गेले. बाहेर आता चांगली गर्दी जमली होती. शेळ्या, एक गाय, दोन-चार माणसं, आणि सगळ्यांत पुढं एक जण बैलाचा दोर धरून. मॅडमची चप्पल त्याच्या पायाशी पडली होती आणि बैल ती हुंगत होता.

"डॉक्टरीणबाई हायेत का नाई?" तो रहीमभाईंना विचारत होता.

"हायेत," रहीमभाई गंभीर चेहऱ्यानं म्हणाले. "कामात हायेत."

"लय वेळ लागन का?"

तेवढ्यात भिंतीच्या वर मॅडमचं डोकं आलं. केस मोकळे, तोंड लाललाल. "बैलाले," त्या म्हणाल्या आणि डोकं खाली गेलं. सगळे वर बघत राहिले. डोकं पुन्हा आलं. "सावलीत बांध," आणि गेलं. मग पुन्हा आलं, या वेळी आधीपेक्षाही उंच, पार खांद्यापर्यंत. "अन् तू बी," आणि गेलं.

"मी बी काय?" त्या माणसानं रहीमभाईंना विचारलं.

"थांब जराक," रहीमभाई म्हणाले. "येतेच हायेत वर."